आदिलाबादला अडलेली रेषा

२ जून २०२५, सोमवार. आमच्या मोठेबाबांनी पाच एकरांत सरकी टोबली. धुऱ्यापलीकडचं काकूचं साडेतीन एकर वावर तसंच होतं, वखरून ठेवलेलं, काळंभोर, रिकामं. घरी परतताना मोठेबाबांनी तिला हाक मारली, "काहून थांबली वो बाई? पाणी तं झालं." काकू म्हणाली, "भाऊ, माह्या बाटलीत नाई झालं अजून."

त्या बाटलीमुळे मला हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं. गाव यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, पैनगंगेच्या अलीकडे. नाव सांगत नाही. सांगितलं तर मोठेबाबा माझ्याशी बोलणं टाकतील. काकू रक्ताची कुणी नाही, गावनात्याची. नवरा गेल्यापासून वावर तीच करते आणि बचत गटाचा हिशेबही तिच्याकडेच असतो. मी तालुक्याला भूगोल शिकवतो. वर्गात वाऱ्यांचे बाण काढणं माझं काम, आणि या प्रकरणात माझीही एक चूक आहे. ती पुढे येईलच.

दोन्ही वावरांत एका धुऱ्याचं अंतर. जमीन एकसारखी, भारी काळी. आभाळ एकच. तरी १४ जूनपर्यंत मोठेबाबांच्या पाचपैकी तीन एकरांची पेरणी मोडली होती आणि काकूचं बियाणं अजून पिशवीतच होतं.

त्या मे महिन्यातलं पाणी

त्या वर्षी मे महिना मे महिन्यासारखा वागलाच नाही. वळवाचं पाणी इतकं पडलं की मशागतीला उसंत मिळेना. २४ मेला मान्सून केरळात दाखल झाला, नेहमीच्या १ जूनच्या आठ दिवस आधी. त्याआधी तो इतक्या लवकर आला होता २००९ साली. दोनच दिवसांत, २६ मेला, तो मुंबईत. तिथं त्याची नेहमीची तारीख ११ जून. टीव्हीवर दिवसभर एकच पट्टी फिरत होती: मान्सून आला.

आमच्याकडेही २१ ते २८ मेच्या दरम्यान बरं पडलं. काकूच्या पावसाच्या वहीत त्या आठ दिवसांची बेरीज ५८ मिलिमीटर आहे. हा सरकारी आकडा नव्हे, एका बाईच्या वहीतला आहे. पण पुढे दिसेल की या गावापुरता तोच सगळ्यांत उपयोगी आकडा ठरला.

मग रेषा अडली. मान्सून कुठवर पोचला हे हवामान खातं नकाशावर एका रेषेनं दाखवतं, तिला मान्सूनची उत्तर सीमा म्हणतात. मेच्या अखेरीस ती मुंबई, अहिल्यानगर, आदिलाबाद, भवानीपटणा, पुरी अशी गेली होती. दुसऱ्या दिवशी नकाशा पाहिला, रेषा तिथंच. आठ दिवसांनी पाहिला, तिथंच. आता आदिलाबाद म्हणजे आमच्या लेखी नदीपलीकडचं गाव. बाजाराला, दवाखान्याला, सोयरिकीला माणसं जातात-येतात. मान्सून पैनगंगेच्या पलीकडे येऊन बैठक मारून बसला होता आणि नदी काही ओलांडत नव्हता. ती रेषा पुढे सरकायला १६ जून उजाडला.

मधल्या काळात ऊन मे महिन्याचंच. मोठेबाबांची सरकी सहाव्या दिवशी उगवू लागली. वरच्या दोन इंचांत ओल होती, तेवढ्यावर कोंब आला. खाली मुळी गेली तर तिथं कोरडं. मी १२ जूनला त्यांच्यासोबत वावरात गेलो. त्यांनी तासात बोट खुपसलं, पेरभर आत गेलं आणि थांबलं. वरचा पापुद्रा खापरासारखा वाजत होता. एक कोंब उपटून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. पानं मिटलेली, मुळी सुतासारखी. बोलले काहीच नाहीत. आमच्याकडे माणूस गप्प झाला की समजायचं, हिशेब सुरू झाला.

हिशेब असा. बीटी कपाशीच्या पाकिटाचा त्या हंगामातला सरकारी कमाल दर ९०१ रुपये. एकरी दोन पाकिटं धरली तर पाच एकरांना दहा, म्हणजे ९,०१० रुपये. मोडलेल्या तीन एकरांसाठी पुन्हा सहा पाकिटं, ५,४०६ रुपये. टोबणाऱ्या बायांची मजुरी दुसऱ्यांदा, तीही हंगाम गळ्याशी आल्यावर, म्हणजे चढ्या भावानं. विम्याचं म्हणाल तर २०२५च्या खरिपापासून एक रुपयातला विमा बंद होऊन भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे काढणीच्या वेळी मोजलेल्या उत्पन्नावर आली होती. जूनमध्ये करपलेल्या कोंबाला त्यात जागा नाही. बियाण्याची दुसरी पाकिटं कृषी केंद्रातून उधारीवर आली. त्या उधारीचं व्याज कुठल्या पावतीवर लिहिलेलं नसतं, तेव्हा मीही लिहीत नाही.

खबर आली होती का?

आली होती. या प्रकरणातली खरी गोम तिथंच आहे.

मेच्या शेवटच्या आठवड्यातच हवामान खातं आणि कृषी विभाग सांगत होते की हा जोर टिकणार नाही, पेरणीची घाई करू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय आणि जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय पेरू नका, हा सल्ला तर दरवर्षीचाच. त्याच हंगामात केंद्रीय कृषी मंत्रालयानं तेरा राज्यांतल्या ३.८ कोटी शेतकऱ्यांना मान्सूनच्या आगमनाचे अंदाज मोबाइलवर पाठवले, तेही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलांवरून काढलेले. मान्सून मध्ये अडणार आहे, हे त्या अंदाजांनी आधीच ओळखलं होतं.

म्हणजे अंदाज चुकला असं म्हणायची सोय नाही. मोठेबाबा अजूनही तसंच म्हणतात, पण ते त्यांचं दुःख बोलतं. अंदाज बरोबर होता. तो आला कुठून आणि शेवटच्या टप्प्यात त्याचं काय झालं, हे पाहायचं तर त्याचा माग उलटा काढत जावं लागतं.

सोनेगावचा फुगा

नागपूरला सोनेगावच्या विमानतळाला लागून प्रादेशिक हवामान केंद्र आहे. तिथून पहाटे एक फुगा सोडतात. हायड्रोजन भरलेला, पांढुरका, माणसाच्या उंचीला मागे टाकणारा. खाली लांब दोरी आणि दोरीला एक छोटा डबा, हातात घेतला तर पावशेराचाही भरू नये. हा डबा वर जाता जाता तापमान, दमटपणा, दाब आणि वाऱ्याची दिशा-गती खाली कळवत राहतो. तीसेक किलोमीटरवर फुगा ताणून ताणून फुटतो आणि डबा कुठल्या तरी वावरात पडतो. एखाद्या पोराला सापडतो, चार दिवस खेळणं होतं.

फुगा सोडण्याची वेळ मात्र नागपूरनं ठरवलेली नाही. जगभरचे फुगे ग्रीनिचच्या शून्य तासाच्या आणि बारा तासांच्या निरीक्षणासाठी वर जातात. आपल्या घड्याळात ते पहाटेचे आणि संध्याकाळचे साडेपाच. नैरोबीत, मॉस्कोत, डार्विनमध्ये, कराचीत कुणी ना कुणी त्याच सुमारास दोरी सोडतो. जगात वरच्या हवेची अशी हजाराच्या वर केंद्रं आहेत. जमिनीवरची दहा हजारांवर. त्यात व्यापारी जहाजं, समुद्रातली तरती मोजयंत्रं आणि प्रवासी विमानांवरची उपकरणं मिळवा.

आणि हे सगळे एकच भाषा बोलतात. नागपूरचा क्रमांक ४२८६७. पहिले दोन आकडे भारताच्या गटाचे. जमिनीवरच्या निरीक्षणाच्या तारेत १०३१२ असा पाच आकड्यांचा गट दिसला की जगातला कुठलाही हवामानवाला वाचतो: १ म्हणजे हवेचं तापमान, ० म्हणजे शून्याच्या वर, ३१२ म्हणजे ३१.२ अंश. हल्ली बहुतेक देवाणघेवाण याहून नव्या संगणकी संकेतात चालते, पण करार तोच की आकड्याचा अर्थ सगळीकडे एक. नागपूरचा आकडा दिल्लीच्या केंद्रातून जगाच्या जाळ्यात जातो. अमेरिकेतल्या वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ४२८६७ निवडलं की सोनेगावच्या फुग्यानं काय पाहिलं त्याचा आलेख उघडतो. मी वर्गात पोरांना हे दाखवतो. पोरं आधी विचारतात, "सर, अमेरिकेले आपल्या नागपूरचं काय पडलं?"

प्रश्न बरोबर आहे. उत्तर असं की सात-आठ दिवसांपुढचा अंदाज काढायला पृथ्वीचा अर्धा तुकडा घेऊन भागत नाही. आज विदर्भावर जी हवा आहे ती आठवड्यानं दुसरीकडे असते आणि तिकडची इकडे. म्हणून जागतिक हवामान संघटनेच्या सभासद देशांनी मूळ निरीक्षणं एकमेकांना मोफत द्यायची हे १९९५ साली ठरावानं पक्कं केलं आणि २०२१ साली तो ठराव आणखी रुंद केला. संघटनेची सनद २३ मार्च १९५० रोजी लागू झाली. जागतिक हवामान दिन त्याच तारखेचा. दुसऱ्या महायुद्धात हवामानाच्या तारा गुप्त लिपीत जात, कारण ढग कुठे आहेत हे शत्रूला कळणं म्हणजे विमानं पडणं. त्यानंतर दहा-वीस वर्षांत, शीतयुद्ध ऐन भरात असताना, जागतिक हवामान टेहळणीची, म्हणजे या देवाणघेवाणीच्या जाळ्याची, तीन मुख्य केंद्रं ठरली ती वॉशिंग्टन, मॉस्को आणि मेलबर्न. एकमेकांवर अण्वस्त्रं रोखलेले दोन देश रोज एकमेकांना पावसाचे आकडे पाठवत होते. आमच्या गावात बांधावरून बोलणं तुटलेले सख्खे भाऊ आहेत. असो.

पैनगंगेवरचा ढग केनियातून

आता त्या अडलेल्या रेषेकडे. मान्सूनचा वारा दक्षिण गोलार्धात मादागास्करच्या बाजूला निघतो, केनिया-सोमालियाच्या किनाऱ्यालगत विषुववृत्त ओलांडतो आणि अरबी समुद्रावरून वळून आपल्याकडे येतो. आफ्रिकेच्या उंच भूमीला घासून जाणारा तो जोराचा पट्टा जॉन फिंडलेटर या शास्त्रज्ञानं १९६९ साली नीट मांडून दाखवला. तो पट्टा मंदावला की आठवडाभरात इकडची हवा निघून जाते. जूनच्या सुरुवातीला झालं ते साधारण असंच. समुद्रावरून येणारा प्रवाह ढिला पडला आणि वायव्येकडची कोरडी हवा आत घुसली. मेअखेरचा बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टाही वर ईशान्येकडे निघून गेला. ओढणारं कुणी उरलं नाही.

हे आधी कळायचं तर कुणीतरी तो समुद्र मोजत असायला हवा. हिंदी महासागरात २००४पासून 'रामा' नावाचं नांगरलेल्या तरंडांचं, म्हणजे तरंगत्या मोजयंत्रांचं, जाळं उभं होतंय. अमेरिका, भारत, जपान, इंडोनेशिया, चीन अशा देशांनी वाटून घेतलेलं. मासेमार जहाजं तरंडांना जाळी बांधतात, तारा तुटतात, यंत्रं चोरीला जातात. आमच्या कॅनॉलवरच्या मोटारींसारखंच. खोल समुद्रात 'आर्गो'चे सुमारे चार हजार तरंगते नळे फिरतात, हजार मीटर खोलीवर वाहत जातात, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून वर येतात आणि उपग्रहाला खारटपणा-तापमान सांगून पुन्हा बुडतात. भारताकडून हे काम हैदराबादचं समुद्र माहिती केंद्र पाहतं. वरून आपले इन्सॅट उपग्रह आहेतच, शिवाय युरोपनं आपला एक मेटिओसॅट उपग्रह हिंदी महासागरावर आणून ठेवलेला आहे.

महिनाभर आधीच्या अंदाजामागची गोष्ट तर याहून दूरची. विषुववृत्तालगत ढगांचा एक अजस्र पट्टा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत असतो, साधारण तीस ते साठ दिवसांत फेरी पुरी करतो. तो हिंदी महासागरावर असला की मान्सूनला बळ, पॅसिफिककडे गेला की इकडे खंड पडायची शक्यता वाढते. मॅडन आणि ज्युलियन या दोघांनी तो १९७१ साली शोधला, आणि शोधला कशावरून? पॅसिफिकमधल्या कँटन नावाच्या एवढ्याशा बेटावरून दहा वर्षं सोडलेल्या फुग्यांच्या नोंदींवरून. त्या बेटावर दोरी सोडणाऱ्याला यवतमाळ हे नाव आयुष्यात ऐकू आलं नसेल.

हे आकडे मग मॉडेलात, म्हणजे हवेची पुढची चाल काढणाऱ्या संगणकी गणितात जातात. मॉडेलंही कुणा एकाची नाहीत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं 'मान्सून मिशन'मध्ये अमेरिकेचं मॉडेल घेऊन मान्सूनसाठी घडवलं. नोएडाच्या सरकारी हवामान अंदाज केंद्राचं मॉडेल ब्रिटनच्या हवामान खात्याशी भागीदारीत चालतं. सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी पुण्याची 'भारत फोरकास्ट सिस्टिम' देशाला अर्पण झाली ती २६ मे २०२५ला, मान्सून मुंबईत पोचला त्याच दिवशी. आणि मोबाइलवर गेलेले ते कृत्रिम बुद्धिमत्तेचे अंदाज? त्यात गुगलचं 'न्यूरलजीसीएम' आणि युरोपीय हवामान अंदाज केंद्राचं 'एआयएफएस' यांचा मेळ होता. युरोपीय केंद्र ब्रिटनमधल्या रेडिंगला, १९७५ साली स्थापन झालेलं. भारत त्याचा सभासद नाही.

कृत्रिम बुद्धिमत्ता म्हटलं की लोकांना वाटतं आता फुगेबिगे गेले, यंत्रच सांगेल. उलट आहे. ही मॉडेलं शिकली ती रेडिंगनं जुळवलेल्या कित्येक दशकांच्या जागतिक नोंदींवर. त्या नोंदींत सोनेगावचा फुगा आहे, कँटनचा आहे, आणि कुठल्या तरी वेधशाळेत भर पावसात छत्री धरून मोजपात्र डोळ्यांसमोर नेणाऱ्या कारकुनाची नजरही आहे. म्हणूनच मार्च २०२५मध्ये अमेरिकेच्या हवामान सेवेनं माणसं कमी पडली म्हणून ओमाहा आणि रॅपिड सिटीचे फुगे थांबवले, ते वाचून मला धसका बसला. दोन फुग्यांनी आमचं काही बिघडलं असं मी म्हणत नाही. पण विहिरीला मोट लावणारे सगळेच असले आणि गाळ काढायला कुणी नसलं, तर काय होतं ते कास्तकाराला सांगावं लागत नाही.

हा सगळा खटाटोप सुरू झाला तोही आपल्याच दुष्काळांतून. १८७६–७८च्या दुष्काळानंतर हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी इतर देशांकडून हवेच्या दाबाचे आकडे मागवले. ऑस्ट्रेलियातले चार्ल्स टॉड यांनी १८८८ साली दाखवलं की आपला आणि त्यांचा दुष्काळ बऱ्याचदा जोडीनं येतो. १८९९ साली खात्याचे प्रमुख जॉन एलियट यांनी चांगला पाऊस सांगितला आणि पडला भीषण दुष्काळ. वऱ्हाड-मध्य प्रांतात त्याची झळ फार मोठी होती. त्यांच्यानंतर १९०४ साली आले गिल्बर्ट वॉकर, मुळात गणिती. त्यांनी जगभरचे दाबाचे आकडे कारकुनांकडून ताडून घेतले आणि पॅसिफिकच्या दोन टोकांमधला दाबाचा झोका पकडला. आज टीव्हीवर एल निनोची भीती घालतात, तिचं एक मूळ या फायलींत आहे.

साखळी कुठे तुटली

इतकं सगळं करून अंदाज आमच्या गावापर्यंत पोचला तो माझ्या हातून. ३० मेला 'कास्तकार मित्र' या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी तो पीडीएफ टाकला. चार पानांचा. वर-खाली एक अक्षर लिहिलं नाही. त्याच्या पाठोपाठ कुणाचा तरी वाढदिवस आला, गुलाबाची फुलं आली, फवारणी पंपाची जाहिरात आली. नंतर विचारलं तर त्रेचाळीस जणांपैकी पीडीएफ उघडल्याचं तिघांनी सांगितलं. शाळेत मी पोरांना म्हणतो, नकाशा दाखवला म्हणजे शिकवलं असं होत नाही. ते माझं म्हणणं माझ्यावरच उलटलं.

पण उघडला असता तरी काय कळलं असतं? त्यात लिहिलं होतं: विदर्भात तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता. खात्याच्या भाषेत या प्रत्येक शब्दाला माप आहे. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर. 'काही ठिकाणी' म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत. 'बऱ्याच ठिकाणी' पंचाहत्तरपर्यंत. 'हलका' पाऊस २.५ ते १५.५ मिलिमीटर, 'मध्यम' १५.६ ते ६४.४. मोठेबाबांना मी हे वाक्य नंतर वाचून दाखवलं, आणि विचारलं, काय समजलं? ते म्हणाले, "पाणी येणार. मध्यम." चारातल्या तीन गावांना थेंबही मिळणार नाही हा अर्थ त्यात आहे, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. शिवाय मध्यम म्हणजे सोळाही आणि चौसष्टही. पेरणाऱ्याच्या लेखी हे दोन वेगळे हंगाम आहेत.

दुसरा शब्द 'मान्सून'. टीव्हीवाल्याच्या तोंडी तो मुंबईत आला. खात्याच्या दृष्टीनं तो ठरावीक वारे, ढग आणि पाऊस जुळले की आला. आणि मोठेबाबांना अंगणात पाणी पडताना दिसलं. आमच्या बोलीत पावसाला वेगळा शब्दच वापरत नाहीत. पाणी आलं, पाणी पडलं, पाणी गेलं. वळवाचं पाणी आणि मिरगाचं पाणी हा फरक जुन्या माणसांना चांगला कळतो. पण त्या वर्षी वळवाच्या पाण्यावर टीव्हीनं मान्सूनचा शिक्का मारला आणि त्यांच्या डोक्यातला जुना फरक पुसला गेला. २ जूनला रोहिणी सुरू होती, मिरग लागायला आठवडा होता. एरवी त्यांनी रोहिणीत कपाशी लावलीच नसती.

इथं भेंडवळची आठवण येते. बुलडाणा जिल्ह्यातल्या या गावात अक्षय तृतीयेला घटमांडणी होते, दुसऱ्या पहाटे धान्याच्या हालचालीवरून वर्षाचं भाकीत सांगतात. विज्ञानाच्या कसोटीवर त्याला आधार नाही आणि मी ते मानत नाही. पण भाषा बघा: जूनमध्ये कमी, जुलैत बरा, कपाशी मध्यम. ऐकणाऱ्याला लगेच उमजतं, दुसऱ्याला सांगता येतं. आमच्या पीडीएफपेक्षा ते दूर जातं त्याचं कारण श्रद्धा एवढंच नाही.

तिसरं तुटणं यंत्राचं. महसूल मंडळात स्वयंचलित हवामान केंद्र असतं. आमच्या मंडळाचं गावापासून अकरा किलोमीटरवर आहे. मेच्या त्या आठवड्यात तिथला आकडा काकूच्या वहीपेक्षा बराच जास्त होता. वळवाचं पाणी असंच पडतं, बैलाच्या एका शिंगावर पडतं आणि दुसरं कोरडं राहतं म्हणतात. त्यामुळे यंत्र खोटं होतं असं मी ठामपणे म्हणू शकत नाही. पण मी जाऊन पाहिलं तेव्हा कुंपणाच्या आत सुबाभळीचं रोप पुरुषभर वाढलेलं होतं. झाडाची उंची जेवढी, त्याच्या निदान दुपटीनं दूर पर्जन्यमापक असावं, हे मी नववीच्या पोरांकडून पाठ करून घेतो.

बाटली

काकूकडची बाटली म्हणजे प्लॅस्टिकचं साधं पर्जन्यमापक. बचत गटाच्या एका प्रशिक्षणात मिळालेलं, बाजूला मिलिमीटरच्या रेषा. तिनं ते घरामागच्या मोकळ्या जागेत खांबाला बांधलंय, छपरापासून लांब. रोज सकाळी साडेआठला वाचते. साडेआठच का, तर प्रशिक्षणात तसं सांगितलं होतं. भारतभरच्या वेधशाळा पावसाची रोजची मोजणी साडेआठलाच करतात, ग्रीनिचचे तीन वाजलेले असतात तेव्हा. तिला हे मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे माही वेळ बरोबर आहे."

वही शाळेची, दोनशे पानी. तारीख, आकडा, आणि एक-दोन शब्द. "२७ मे, १९, वारा लय." "३० मे, ०." मग शून्यांची रांग. ७ जूनला ४. ११ जूनला ७. तिनं प्रशिक्षणातलं एकच वाक्य धरून ठेवलं होतं, पाऊणशे झाल्याबिगर पेरायचं नाही. आणि मेचं पाणी उडून गेलं म्हणून ते तिनं बेरजेत धरलंच नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. वावरात वीतभर खड्डा करून तिनं माती मुठीत दाबली, लाडू झाला नाही. झालं.

तिचं शहाणपण मोठं करून सांगायचा मोह होतो, पण थांबण्याची दुसरी बाजूही आहे. मी विचारलं तेव्हा तिनं स्वच्छ सांगितलं: "मले दुसऱ्यांदा बियाणं कोण देईन? उधारी माह्या नावानं भेटत नाई." मोठेबाबांना कृषी केंद्रात पत होती, म्हणून त्यांना चूक करणं परवडलं. अंदाज दोघांना एकच होता. पेलायची ताकद वेगळी होती. हवामान सल्ला लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं असं मला फार वाटतं, कारण "घाई करू नका" हे वाक्य सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. ज्याच्याकडे ओलिताची सोय आहे त्यानं २ जूनला लावलं तर बिघडत नाही. गावात दोघांनी लावलं आणि ठिबकवर जगवलं. मोठेबाबांनी त्यांचं पाहून लावलं, हेही एक कारण. तिफण शेजाऱ्याची निघाली की आपला पाय घरात ठरत नाही.

१६ जूनला रेषा हलली. आमच्याकडे १७पासून पाणी लागलं. २१ जूनच्या सकाळी काकूच्या वहीत पाच दिवसांची बेरीज ८३ झाली. २२ला जमीन वाफशावर आली तशी तिनं सरकी टोबली, तुरीची तासं टाकली. मोठेबाबांनी मोडलेली तीन एकरं त्याच दिवशी पुन्हा लावली.

जुलैपासून आम्ही एक छोटा बदल केला. पारावरच्या फळ्यावर रोज तीन आकडे लिहायचे: बाटलीत काल किती, पेरणीनंतरची बेरीज किती, आणि येत्या पाच दिवसांत आपल्याकडे पाणी यायची शक्यता रुपयात किती आणे. 'तुरळक'ला मी चार आणे लिहितो, 'बऱ्याच ठिकाणी'ला बारा. शास्त्रशुद्ध भाषांतर नाही, एखादा हवामानतज्ज्ञ नाक मुरडेल. पण "चार आण्याचं पाणी" हे वाक्य दोन दिवसांत पानठेल्यावर पोचलं आणि फवारणी करायची की नाही हे लोक त्यावरून ठरवू लागले. पीडीएफ टाकणं मी बंद केलं आहे.

काकूची वही मात्र अजून गावाच्या बाहेर गेलेली नाही. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये १९९७च्या पुरानंतर सामान्य माणसांनी घरच्या पर्जन्यमापकांचं जाळं उभं केलं. आज हजारो लोक रोज सकाळी आकडा कळवतात आणि तिथलं हवामान खातं तो वापरतं. आमच्या मंडळात एक सुबाभळीखालचं यंत्र आणि एक खांबावरची बाटली आहे. यंत्राचा आकडा वर जातो.

सप्टेंबरात पाण्यानं कहर केला तेव्हाची एक सकाळ. मी गावातच होतो. साडेआठ वाजलेले, काकू खांबाजवळ वाकून पाहत होती. धुऱ्यावरून मोठेबाबांची हाक आली, "किती भरलं वो बाई?"

"अडुसष्ट."

"मिलिमीटर का?"

"मंग काय लिटर?"